पडद्याची वॅगन

आमचे घरमालक दर रविवारी सकाळी स्वतःच्या मोटारीला धुरी देत असत. बाळंतिणीला देतात तशी. शेगडीत निखारे, वर ऊद, धूप आणि कडुलिंबाचा पाला, आणि गाडीची सगळी दारं बंद.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पुढची शोभा टळली असती. साताऱ्याच्या एका सरकारी ऑफिसात मी नवीन लागले होते. वळकटी, स्टोव्ह आणि आईनं दिलेला मेतकुटाचा डबा घेऊन आदल्या संध्याकाळी सांगलीहून आले आणि त्यांच्या अंगणातल्या खोलीत पथारी टाकली. सकाळी दात घासत दारात आले तर समोरच्या लांबलचक गाडीच्या फटीफटींतून धूर! मी ब्रश टाकला, "आग! आग!" म्हणून बोंब मारली, न्हाणीपाशी भरून ठेवलेली बादली उचलली आणि गाडीची जी काच चार बोटं खाली होती तिच्यातून पाणी आत फेकलं. अर्धं आत गेलं, अर्धं माझ्याच अंगावर आलं.

मागून घरमालक धावत आले. कमरेला पंचा, अंगात बनियन, हातात कडुलिंबाची फांदी.

"आवं, आवं, पाणी न्हाई! आत पाणी न्हाई घालायचं!"

माणूस अक्षरशः रडकुंडीला आला होता. आजूबाजूच्या घरांतली माणसं गच्चीवर येऊन हसत होती. त्यांना हा धुराचा कार्यक्रम पाठ होता, फक्त त्यात बादली घेऊन धावणारी बाई नवीन होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दिवसभर खोलीचं दार लावून बसले. संध्याकाळी ते वाटीत शिरा घेऊन आले आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "तुमची चूक न्हाई मॅडम. पण एक ध्यानात ठेवा. आमची गाडी बाहेरनं बघायची."

हे त्यांचं पालुपद होतं. गाडीविषयी कुणी काही विचारो, उत्तर एकच, "बाहेरनं बघा की."

आणि बाहेरून ती होतीच बघण्यासारखी. पुढून मोटार आणि मागून खोली, अशी ती जुन्या पद्धतीची स्टेशन वॅगन. रंग सायीसारखा, खाली डाळिंबी पट्टा. मालकांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेकडून घेतलेली. आबा लष्करातून सुभेदार होऊन परत आलेले, कोरेगावकडे थोडा ऊस, गळ्यात तुळशीची माळ. त्यांचा हार घातलेला फोटो सोप्यात होता आणि त्या फोटोच्या साक्षीनं मला खोली देताना मालकांनी एकच अट घातली होती, "घरात अंडं आणायचं न्हाई." मी सांगलीची, रविवारी मला अंड्याचं कालवण लागतं. पण भाडं परवडणारं होतं, तेव्हा मान डोलावली.

मालक रोज सकाळी जुन्या बनियनचं फडकं घेऊन गाडी पुसत. चाकांच्या वाट्या पुसत, दिवे पुसत, दाराच्या मुठी तर देवघरातल्या पितळेसारख्या घासत. पण दार कधी उघडत नसत. स्वतः चालवायला बसायचे तेव्हासुद्धा दार जेमतेम उघडून, अंग आकसून, मांजर शिरतं तसे आत सरकत. मागच्या सगळ्या काचांना हिरवे पडदे होते, स्वतः हाताने शिवलेले, टाके वाकडे.

साताऱ्यात त्यांना पडदेवाले म्हणत. आत काय आहे यावर पानाच्या ठेल्यावर रोज नवी बातमी. कुणी म्हणे आबांचं सोनं आहे, कुणी म्हणे बाई आहे, एका महाभागानं तर आत वाघाचं कातडं पाहिलं होतं. पण सगळ्यांचं एकमत होतं ते एवढ्यावर, की माणूस घमेंडी. एवढी मोठी गाडी, घरात बायको वारलेली, पोरबाळ नाही, आणि कधी कुणाला बसवून नेईल तर शपथ.

ते घमेंडी नव्हते, हे मला हळूहळू कळत गेलं. कळलं तरी त्यांची भाडेकरू म्हणून ओळख सांगताना जीभ अडखळायचीच. "पडदेवाल्यांकडं राहता व्हय?" असं म्हणून लोक जे हसायचे ना, त्याची मला भयंकर शरम वाटायची.

एकदा ऑफिसच्या कामाने कोरेगावला गेले होते. फाट्यावर एसटीची वाट बघत उभी. शेजारी एक म्हातारी, डोक्यावर भलंमोठं गाठोडं. तेवढ्यात आमची वॅगन आली. म्हातारीनं हात केला, "आवं बापू, सोडा की पुढं!" मालकांनी मान ताठ करून समोर बघितलं आणि गाडी तशीच पुढे काढली. मी झाडाच्या आड झाले. म्हातारीनं त्यांचा जो उद्धार केला तो मला ऐकावा लागला. आणि बघते तर काय, पुढच्या वळणावर गाडी लावून मालक पायी परत येतायत! आले, म्हातारीचं गाठोडं उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि आमच्याबरोबर एसटीची वाट बघत उभे राहिले. एसटीत गाठोडं मांडीवर घेऊन बसले, तिचंही तिकीट काढलं, साताऱ्यात तिला लेकीच्या दारात पोचवलं आणि पुन्हा एसटीनं कोरेगावला जाऊन गाडी घेऊन आले.

"काका, अहो गाडी होती ना?" मी विचारलं.

"गाडी बंद पडल्याली."

"चालवत परत आणलीत की."

"मग सुरू झाली," असं म्हणून ते फडकं घेऊन वाट्या पुसायला बसले.

त्यांना जगात एकच जवळचं माणूस होतं, धाकटी बहीण. ती सांगलीत दिलेली, विश्रामबागेत राहणारी, माझ्या आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता भाडं माफ होतंय. भाडं नाही झालं, पण मला कामगिरी मिळाली. मी सांगलीला निघाले की ते कंदी पेढ्यांचा पुडा हातात द्यायचे. "तिला द्या. मी दिला म्हणून सांगा."

पहिल्यांदा मी हौसेनं गेले. बहिणीनं, म्हणजे मावशींनी, बसवलं, चहा दिला, चहात साखर तर इतकी की चमचा उभा राहावा. मी पुडा पुढे केला आणि भावाचं नाव सांगितलं. मावशींनी पुड्याला बोटसुद्धा लावलं नाही.

"आमच्याकडं गोड कुणी खात नाही," त्या म्हणाल्या.

परत आणलेला पुडा मालकांच्या हातात देताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, जरा वेळ नुसता धरला आणि मला परत दिला. "मुंग्या लागतील. तुमीच खावा." पुढच्या वेळी पुन्हा पुडा. पुन्हा परत. बहिणीच्या वाटचे पेढे खाऊन मी साताऱ्यात चांगली गुटगुटीत झाले.

खरी गोष्ट मला आईनं सांगितली. मावशींच्या थोरल्या मुलीच्या लग्नात नवरी मामाच्या गाडीतून कार्यालयात जाणार, असं मावशींनी सासरी, माहेरी, अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. वडील गेल्यावर शेत, घर, सगळ्यावरचा हक्क त्यांनी सही करून भावाला सोडला होता आणि त्याच्या बदल्यात आयुष्यात हे एकच मागितलं होतं, लग्नाला आबांची गाडी पाठव. लग्नादिवशी मामा आला, पण एसटीनं. म्हणाला गाडी बंद पडली. नवरी नटूनथटून दारात उभी, मुहूर्त जवळ आलेला. शेवटी मांडवाच्या खुर्च्या वाहणारा टेम्पो होता त्यात तिला बसवून नेली. आणि चार दिवसांनी साताऱ्याहून आलेल्या कुणीतरी सांगितलं, लग्नाच्या त्याच सकाळी वॅगन रस्त्यानं जोरात पळताना डोळ्यांनी बघितली.

तेव्हापासून मावशी भाऊबीजेला भावाला बोलवत नव्हत्या. ज्या बाईला भाऊ नसतो ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते. मावशी गच्चीवर जायच्या आणि चंद्राला ओवाळायच्या. भाऊ धडधाकट असताना! त्या वर्षी आमच्या गच्चीवरून मी ते पाहिलं. बीजेची ती नखाएवढी कोर, आणि समोर ताम्हण घेतलेली बाई. मी चटकन खाली उतरून आले.

सुट्टी संपवून साताऱ्याला गेले तर मालक दारातच.

"झाली का तिची भाऊबीज?"

"झाली."

"कुणाला ओवाळलं?"

मी भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिले.

"चंद्राला व्हय," ते म्हणाले. "बरं हाय. चंद्राकडं कोण गाडी मागत न्हाई."

धाकट्या भाचीचं लग्न ठरलं त्या वर्षी मात्र त्यांच्या अंगात काहीतरी संचारलं. भाची स्वभावानं खमकी. तिनं आईला स्पष्ट सांगितलं, मामा पाठीशी उभा नसेल तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. मावशींचा नाइलाज झाला, पत्रिका आली. मालकांनी ती आबांच्या फोटोपुढे ठेवली आणि मला म्हणाले, "ही गाडी इकायची. दुसरी घ्यायची, ल्हान का असंना. पण जिच्यात कुणी काय वाहिलेलं न्हाई अशी. तिच्यातनं पोरगी न्यायची."

जुन्या गाड्यांची किंमत करून देणारे एक गृहस्थ सांगलीहून आले. सफारी सूट, खिशात बॅटरी. मालकांनी अंगण सारवून घेतलं होतं, मला पोहे करायला लावले होते, स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून उभे. गृहस्थांनी बॉनेट उघडून इंजिन पाहिलं, खाली वाकून पाहिलं, पत्र्यावर टिचक्या मारून पाहिल्या. खूश झाले. "असा पत्रा आता मिळत नाही काका. चला, आतून बघू."

"आत काय बघायचं? सीटच की."

"सीट तर सीट. दार उघडा."

"बाहेरनं करा की किंमत."

गृहस्थांना वाटलं थट्टा आहे. ते हसत हसत मुठीला हात घालायला गेले तर मालक दाराला पाठ लावून उभे राहिले. दोन्ही हात पसरून. कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या चार मुंड्या वर आल्या होत्या. मी पोह्यांची बशी धरून उभी, पुढे जावं की मागे, काही सुचेना.

"अहो काका, मी सांगलीहून आलोय!"

"म्हणून पोहे केलेत. खावा."

"दार न उघडता किंमत करायची तर लोखंडाच्या भावानं करावी लागेल. भंगारात आत काय आहे ते कुणी विचारत नाही."

"मग तसं लिवा."

गृहस्थ काही न लिहिता निघून गेले. पोहे तसेच. भिंतीवरच्या मुंड्या खो खो हसत खाली गेल्या. मालक दाराला टेकून तसेच उभे होते आणि त्यांची मान इतकी खाली गेली होती की मला पहिल्यांदाच त्यांची टाळू दिसली.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मॅडम, इकडं या. तुमी बघा. तुमी परक्या, तुमची लाज न्हाई वाटत."

आणि त्यांनी मागचं दार सताड उघडलं.

मागची सीट उभी-आडवी फाटलेली, आतला काथ्या बाहेर आलेला. छताचं कापड सुटून लोंबत होतं. तळाच्या पत्र्यावर पांढुरके, हिरवट डाग, गंजात मुरलेले. आणि वास! ऊद, धूप, कडुलिंब, कापूर, फिनेल, सगळ्यांना पुरून उरलेला तो वास मी लगेच ओळखला. ज्या घरात मी अंडं आणू शकत नव्हते, त्या घरच्या गाडीत कोंबड्यांचं खुराडं होतं.

"गिरणी बंद पडली तवा," ते सांगू लागले. सूतगिरणीत ते टाइमकीपर होते. "आबा मिरजंला दवाखान्यात. ऊस सगळा त्यातच गेल्याला. एक जण म्हणला, वर महाबळेश्वरात हाटेलांना कोंबड्या पोचवायच्यात, गाडी हाय का? गाडी हुती. मग पडदे शिवलं. पहाटं भरायचो, उजाडायच्या आत घाट चढायचो. पिंजऱ्याच्या तारांनी सीटा फाटल्या. म्होरं काचंला आबांचा बारका फोटो हुता, तो काढून खिशात ठेवायचो. आबा गेलं, पण माळकऱ्याच्या गाडीत त्याच्या लेकानं कोंबड्या वाहिल्या ते त्यांस्नी कळलं न्हाई, एवढंच बरं झालं."

"आणि लग्न?"

"लग्नासाठी लय धुतली. धुतली तशी वास दुपटीनं उठला. थोरलीच्या सासरची समदी माणसं माळकरी, त्यात नवरी बसवायची? लग्नादिवशी सकाळी म्हटलं, दारं-खिडक्या उघडून जोरात पळवावी, वाऱ्यानं तरी जाईल. पळवली. गेला न्हाई. मग एसटी धरली."

म्हणजे ती गाडी पळताना दिसली, ती यासाठी. "काका, हे मावशींना सांगायचं की!"

"काय सांगायचं? कोंबड्या?" ते म्हणाले. "तोंड हाय का मला?"

गाडी विकली जाणार नव्हती, तेव्हा तिलाच सुधारायची असं ठरलं. वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपगाड्यांच्या सीटा शिवणारा एक कारागीर सांगलीत माझ्या ओळखीचा होता. मी पत्ता दिला, बोलणी केली, आणि तिथे जायच्या दिवशी मला मात्र एसटीनं जावं लागलं. कराडच्या पुढे वॅगननं आमच्या एसटीला मागे टाकलं. मालकांनी मला खिडकीत पाहिलं आणि सवयीनं मान ताठ केली.

कारागिरानं कामात कसूर ठेवली नाही. वडापवाल्यांना झगमगाट लागतो, तसाच त्यानं इथेही केला. लाल मखमल, कडेला सोनेरी झालर, छताला फुलाफुलांचं कापड, मागे आरसा, आरशाला गोंडे. बँडवाल्यांचा गाडा असावा तशी वॅगन आतून दिसू लागली. मालक मखमलीवरून हात फिरवत राहिले, फिरवत राहिले. फक्त एक गोष्ट मला नंतर कळली. जुन्या सीटा उचकायच्या नाहीत, असं त्यांनी कारागिराला बजावलं होतं. उचकल्या तर त्याला दिसलं असतं ना! त्यामुळे नवी मखमल त्याच जुन्या काथ्यावर चढली होती, आणि गाडीच्या पोटातल्या फटी, कोपरे, कुठेच कुणी हात घातला नव्हता.

"या टायमाला गाडी येणार, म्हणावं," असा निरोप त्यांनी माझ्याबरोबर धाडला. मावशी म्हणाल्या, "आली की बघू."

आली. भर मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्ताला, विश्रामबागेतल्या घरापुढे वॅगन उभी राहिली. मालक फेटा बांधून. अत्तराची अख्खी बाटली त्यांनी आत रिकामी केली होती. गल्ली बघायला लोटली. नवरी मागे बसली, तिच्याशेजारी मावशी, आणि मला पुढे बसवलं, हातात अक्षतांचं ताट देऊन. त्या गाडीत मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले.

ऊन असं की पत्रा चटके देत होता. नवरीचे केस बसवलेले, म्हणून काचा बंद. मागून नवरी म्हणाली, "मामा, वारा येऊ दे की जरा." मामांना ऐकू आलं नाही. "मामा, घाम येतोय!" मामांचं लक्ष रस्त्याकडे. माझ्या गुडघ्यापाशी एक खटका होता, बाहेरचा वारा आत घेणाऱ्या झडपेचा. कुणीतरी काहीतरी करायला हवं म्हणून मी तो दाबला.

ती झडप कोंबड्यांच्या दिवसांनंतर कधी उघडलीच नसावी. फस्सकन वारा आला आणि त्याच्याबरोबर पिसं. पांढरी, बारीक, मऊ पिसं. ती माझ्या ताटात पडली, मामांच्या फेट्यावर बसली, मागे जाऊन नवरीच्या केसांत, मुंडावळ्यांत, मावशींच्या शालूवर चिकटली. आणि पाठोपाठ तो वास, अत्तराला बाजूला सारून.

मी खटका बंद करायला धडपडले, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मालकांनी गाडी कॉलेजसमोरच्या झाडाखाली घेतली, उतरले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं हा माणूस आता तसाच चालत साताऱ्याला जाणार.

मावशींनी दार उघडलं.

"दादा, कोंबड्या?"

"व्हय, बाय."

"कवा?"

"गिरणी बंद पडली तवा. थोरलीच्या लग्नाच्या आधी."

"आबांच्या गाडीत?"

त्यांनी नुसती मान हलवली.

मावशी बोलल्या ते हळू, पण मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. "माझी पोर खुर्च्यांच्या टेम्पोतनं गेली. विहिणीनं चार माणसांत विचारलं, मामाची गाडी कुठंय म्हणून. मी आजतागायत मान वर करून त्या घरी गेले नाही. लाज तुला वाटली, दादा, आणि गेली माझी."

मालक फेट्याचा शेमला तोंडाला लावून उभे होते.

मावशी पोरीकडे वळल्या आणि तिच्या केसांतलं एकेक पीस वेचू लागल्या. वेचलेलं पीस पर्समध्ये टाकत. मुंडावळीतलं काढलं, शालूवरचं काढलं, माझ्या ताटातली पिसं अक्षतांमधून निवडून घेतली. मग खाली उतरल्या, भावासमोर उभ्या राहिल्या आणि त्याच्या फेट्यावरची पिसंही काढली. एकसुद्धा रस्त्यावर पडू दिलं नाही. पर्स मिटली.

"चल. मुहूर्त टळतोय."

कार्यालयाच्या दारात व्याही मंडळी उभी होती, सगळ्यांच्या गळ्यात माळा. कुणाला काही कळलं नाही. मामा नवरीच्या पाठीशी उभा राहिला, अक्षता पडल्या, सगळं यथासांग झालं. पण मावशी पंगतीत भावाकडे फिरकल्या नाहीत, निघताना वळूनही पाहिलं नाही. साताऱ्याला परतल्यावर मालकांनी गाडी अंगणात लावली आणि त्यानंतर ना ती पुसली, ना तिला धुरी दिली. पावसाळाभर ती तशीच उभी. मी खटका दाबला नसता तर, या विचारानं मी त्यांच्यासमोरून जाताना खाली बघून जायची. आणि ते माझ्यासमोरून जाताना खाली बघून जायचे. त्या अंगणात आम्ही दोघं तोंड चुकवत राहत होतो.

दिवाळीत मला रजा उशिरा मिळाली, भाऊबीजेच्या दुपारी सांगलीला निघाले, तर पेढ्यांचा पुडा आला नाही. पिशवी घेऊन फाटकापाशी गेले तेव्हा मागून आवाज आला, "मॅडम, बसा."

पुढचं दार त्यांनी उघडून धरलं होतं. पडदे काढलेले. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. सातारा ते सांगली त्यांनी नजर रस्त्यावरून हलवली नाही.

संध्याकाळी मावशींच्या घरासमोर गाडी लावली आणि मालक स्टिअरिंग धरून बसून राहिले. उतरेनात. हॉर्न वाजवेनात.

"काका, उतरा की."

"नगं."

"अहो, मग आलात कशाला?"

"तिनं बोलवलं न्हाई. बिनबोलवता दारात कसा जाऊ?"

गल्लीतली पोरं जमली, बाया कठड्यावरून वाकून बघू लागल्या. मला पुन्हा ती जुनी शरम आली, कुठून यांच्याबरोबर आले असं झालं. वर गच्चीवर मावशी ताम्हण घेऊन आल्या. पश्चिमेला कोर दिसू लागली होती. मावशींनी चंद्राकडे पाहिलं आणि मग खाली. मालकांनी झटकन मान खाली घातली.

वर पुन्हा पाहिलं तर गच्चीवर कुणी नव्हतं. बीजेची कोर फार वेळ थांबत नाही, तीही उतरायला लागली होती. मालक किल्लीला हात घालणार, तोच माझ्या बाजूचं दार उघडलं. ताम्हण हातात, निरांजन तेवत होतं.

"तू जरा मागं जा गं," मावशी मला म्हणाल्या. मी मागे गेले. त्या पुढच्या सीटवर बसल्या, पदर सावरला. "दादा, डोकं झाक."

टोपी नव्हती. मालकांनी इकडेतिकडे चाचपलं आणि गाडी पुसायचं ते बनियनचं फडकं डोक्यावर घेतलं. मावशींनी कपाळाला कुंकू लावलं, फडक्यावर अक्षता टाकल्या आणि त्या लाल मखमलीवर बसून त्या कोंबड्यांच्या वासात भावाला ओवाळलं. मालकांनी ओवाळणी म्हणून खिशात हात घातला, काय घालावं सुचेना, आणि गाडीची किल्ली काढून ताम्हणात ठेवली.

"ह्या खुराड्याचं मी काय करू?" मावशी म्हणाल्या. त्यांनी किल्ली उचलून त्याच्या हातात परत दिली. "वास जात नाही रे अजून."

"जात न्हाई."

"राहू दे. चल, थोरल्या विहिणीच्या घरावरनं एक चक्कर मार."

मालकांनी गाडी सुरू केली. हात सवयीनं बाजूची काच वर करायला गेला. मावशींनी तो धरला.

"खाली घे काच," त्या म्हणाल्या. "बघू दे लोकांना, आत कोण बसलंय."